मामाचा फ्रिज

शेणव्याच्या कोंडू विशेच्या घरी टीव्हीचा रिमोट अजून दुकानातून आलेल्या प्लास्टिकच्या पिशवीत आहे. पहिला टीव्ही गेला, दुसरा आला, तर दुसऱ्याचाही रिमोट पिशवीत गेला. बटणं धड दिसत नाहीत, अंदाजानं दाबायची, आणि बातम्या लावायला जावं तर कुणीतरी भाज्या चिरायचं यंत्र विकत असतं. गादीवरचं कव्हर त्यानं आजवर काढू दिलेलं नाही. उन्हाळ्यात झोपणाऱ्याची पाठ त्याला चिकटते, कूस बदलली की चर्रचर्र वाजतं, पण गादी नवी राहते. कुणासाठी नवी राहते, हे विचारायची त्या घरात सोय नाही. त्याची बायको संगीता एकदा म्हणाली होती, लग्न करून आणलंत तेव्हा मला पण पिशवीत घालून ठेवायची होती, निदान हातांना भेगा तरी पडल्या नसत्या. कोंडू हसला नाही. वस्तूंच्या बाबतीत त्याला थट्टा खपत नाही.

आता तुम्ही म्हणाल, चिकट माणूस. तर तसंही नाही. दारी आलेल्याला चहाशिवाय जाऊ देणार नाही, गावच्या भंडाऱ्याला तांदूळ पहिला त्याच्या घरून जाणार. वाशिंदच्या कारखान्यात पॅकिंगला उभी हयात गेली, पण कुणाच्या अध्यात नाही की मध्यात नाही. त्याला भीती होती ती लोकांच्या बोलण्याची. कुणीतरी आपल्या वस्तूला नावं ठेवील, या एका भीतीपायी हा धडधाकट माणूस जन्मभर अंग चोरून चालला.

ही भीती काही उगीच आली नव्हती. त्याची एकुलती एक बहीण येसू. तिच्या लग्नात बापानं पलंग दिला होता, सागाचा म्हणून. सुतारानं आत कसलं लाकूड घातलं होतं देव जाणे, पहिल्याच पावसाळ्यात त्याचा एक पाय मोडला. झालं. पुढं सासरी येसूला येसू म्हणून कुणी हाक मारली नाही, ती 'मोडक्या पलंगाची' झाली. भात करपला, पोर रडली, म्हैस आटली, सगळ्याला कारण मोडक्या पलंगाची. ती तापानं गेली तेव्हा तिची वैष्णवी अजून बालवाडीतही जात नव्हती. मयताला गेलेल्या कोंडूनं अंगणात एक बाई दुसरीला सांगताना ऐकलं, अगो ती नाय का, मोडक्या पलंगाची, ती गेली. बहिणीच्या मढ्याजवळ हे ऐकलेला माणूस आहे तो. त्याला हसायचं तर जरा जपून हसा.

येसूच्या नवऱ्यानं वर्षाच्या आत दुसरी केली आणि कोंडू भाचीला खांद्यावर बसवून शेणव्याला घेऊन आला. कोंडू-संगीताला मूलबाळ नव्हतं. संगीतानं पोर पदरात घेतली ती घेतलीच. आमच्याकडं भाचीला मामाच्या पाया पडू देत नाहीत, उलट मामाच भाचीपुढं वाकतो. कोंडू तर सणासुदीला खरोखर वाकायचा, आणि वैष्णवी लाजून घरभर पळायची. किन्हवलीला बारावीपर्यंत शिकली. अंगानं बारीक, कामाला चपळ, आणि बोलायला कमी. मामाला वाटायचं, पोर समाधानी आहे. कमी बोलणारी पोर समाधानी असते, असं आपल्याकडच्या बऱ्याच पुरुषांना वाटतं.

टोकावड्याचं स्थळ आलं. मुलगा संदेश, टेम्पो चालवायचा. माळशेजच्या रस्त्याला लागून घर, दारात दोन म्हशी, घरात विधवा आई वेणूबाई. माणसं खाऊनपिऊन सुखी. पण बैठकीत वेणूबाईंनी सुपारी कातरता कातरता विचारलं की मुलीला आईबाप नाहीत, मग पुढचं मागचं कोण बघणार. कोंडूच्या छातीत ते रुतलं. मी हाय ना, एवढंच तो बोलला, आणि घरी येईपर्यंत त्याचं ठरलं होतं. फ्रिज द्यायचा. मोठा, दोन दाराचा.

हसण्यासारखी गोष्ट अशी, की खुद्द कोंडूच्या घरी फ्रिज नव्हता. संगीता उन्हाळ्यात दूध तीनतीनदा तापवायची, कोथिंबीर ओल्या फडक्यात गुंडाळायची, आणि पाहुणा आला की बर्फासाठी नाक्यावर माणूस धाडायची. तिचं म्हणणं सरळ होतं. पोरीच्या हातात काहीतरी द्या. चार मणी सोन्याचे करा, नाहीतर तिच्या नावानं बँकेत टाका. अडीनडीला तिचं तिला काढता येईल. कोंडू म्हणाला, सोनं पेटीत जातं, बँकेतलं कुणाला दिसत नाही. फ्रिज ओटीवर उभा राहतो. येणारा जाणारा बघतो. संगीतानं कपाळावर हात मारला आणि भाकऱ्या थापायला गेली.

फ्रिज घ्यायला दोघं शहापूरला एका मोठ्या दुकानात गेले. तिथं मिताली नावाची मुलगी होती, गोड बोलणारी, दुकानाचं नाव छापलेला टी-शर्ट घातलेली. तिनं फ्रिजचं गुणगान सुरू केलं. असा गार, तसा मजबूत, वीज खात नाही, वर्षानुवर्षं बघायला नको. कोंडूनं दार उघडून बघितलं, लावून बघितलं, आणि हा बांधा म्हणाला. तेव्हा मितालीनं आवाज खाली आणून दुसरा पाठ सुरू केला. काका, कंपनीची वॉरंटी वर्षभराचीच असते. नंतर काय झालं तर खर्च तुमचा. एक्स्टेंडेड वॉरंटी घेऊन टाका, एकूण पाच वर्षं बघायला नको.

संगीता उभी होती ती पुढं झाली. "आत्ताच तर बोललीस वर्षानुवर्षं काय व्हायचं नाय. मंग बिघडणार म्हणून परत पैसे कशाला मागतेस?"

काय चुकलं हो तिचं? बाजारात वांगी विकणारी बाई तरी असं म्हणते का, की वांगी ताजी आहेत, पण किडकी निघाली तर बदलून देईन, त्याचे वेगळे द्या? अशा बाईला बाजारात कुणी उभी करणार नाही. पण काचेच्या दुकानात, गार हवेत, टी-शर्ट घातलेल्या मुलीनं तेच म्हटलं की माणसं मान डोलावतात. मिताली हसली, आणि संगीताकडं न बघता कोंडूला म्हणाली, मुलीच्या सासरी द्यायचाय ना काका? उद्या तिथं बंद पडला तर मुलीला कोण काय बोलेल, सांगता येतं का?

कुणी शिकवलं होतं त्या पोरीला, कुणास ठाऊक. नेमकं दुखऱ्या नसेवर बोट. कोंडूनं खिशात हात घातला. स्वयंपाकघरावरचा फुटका पत्रा त्या वर्षी बदलायचा होता, तो तसाच राहिला. वॉरंटी देणारी कंपनी वेगळी, फ्रिजवाली वेगळी, दुकान तिसरंच, हे त्याला कुणी सांगितलं नाही. त्यानंही विचारलं नाही. वॉरंटीचा चकचकीत कागद त्यानं अर्थातच प्लास्टिकच्या पिशवीत घातला.

आता नावाचं काय? आमच्या भागात आहेराच्या वस्तूवर देणाऱ्याचं नाव हवंच. तांब्या असो की हंडा, भांड्याच्या दुकानातला माणूस यंत्रानं टकटक करून नाव घालून देतो. उद्या घर वाटलं तर कुठलं भांडं कुठल्या सुनेचं, हे नावावरून ठरतं, आणि घासताना बायका ती नावं वाचतात. कोंडूनं त्या नाव घालणाऱ्याला फ्रिजच्या दुकानात आणलं. तो म्हणाला, रंगावर यंत्र चालणार नाही, पापुद्रे निघतील. मग पितळी पाटी करायची ठरली. चि. सौ. कां. वैष्णवी हिस मामा कोंडू विशे, शेणवा यांजकडून सप्रेम भेट. पाटी फ्रिजच्या कुशीला लावायची, ओटीवर शिरताना दिसेल अशी. दुकानाच्याच माणसानं दुकानाच्याच दारात ड्रिलनं भोकं पाडून चार स्क्रू पिळले. मालक स्वतः उठून आला, पाटी सरळ आहे का बघितलं, डावीकडं जरा वर घे रे म्हणाला. मितालीनं मोबाईलवर फोटो काढला. सगळे खूष.

मांडवात आहेर माईकवरून पुकारतात. कोंडूनं पुकारणाऱ्याच्या कानाला लागून सांगितलं, आणि त्यानं पुकारलं, मामा कोंडू विशे यांजकडून फ्रिज, पाच वर्षांच्या वॉरंटीसहित. मांडव हसला. वेणूबाईंनी पदर सावरला. कोंडूला वाटलं, जिंकलो.

दोन वर्षं खरंच काही बोलायला जागा नव्हती. फ्रिज ओटीवर उभा. वेणूबाईंनी त्यावर विणलेलं झाकण घातलं. संध्याकाळचं दूध रात्रभर त्यात राहायचं आणि सकाळी डेअरीत जायचं. त्यामुळं म्हशींचं दोन वेळचं दूध पदरात पडायला लागलं, नाहीतर संध्याकाळचं अर्धंअधिक उन्हाळ्यात नासायचं. कोंडू दिवाळीला, राखीला टोकावड्याला गेला की ओटीवर चढता चढता एकदा पाटीकडं बघायचा. चहा घेताना त्याचं तोंड फ्रिजकडं असायचं.

तिसऱ्या उन्हाळ्यात वैष्णवीचा फोन आला. फ्रिज चालू आहे, दिवा लागतो, आवाज येतो, पण थंड होत नाही. दूध फाटलं. शेजारी नथू म्हणून आहे, फ्रिज-पंखे दुरुस्त करतो, त्याला दाखवते, असं ती म्हणाली.

"खबरदार," कोंडू बोलला. "कोणाचा हात लागला तर वॉरंटी गेली. कोणाला शिवू देऊ नको. मी हाय ना."

इथं गोष्ट संपायला हवी होती. नथूचं घर त्यांच्या अंगणातून दिसतं. पण कोंडूनं पैसे मोजले होते ते या दिवसासाठीच, आणि खरं सांगायचं तर त्याला आतून थोडं बरंही वाटलं होतं. आता सगळ्यांना कळेल, मामानं कसा पुढचा विचार केला होता.

त्यानं कागदावरचा नंबर लावला. एक दाबा, दोन दाबा, गाणं ऐका. शेवटी एक बाई हिंदीतून आली आणि तक्रार घेतली म्हणाली. कोंडू आठवडाभर वाट बघत राहिला. मग एके दुपारी कंपनीचा माणूस आला, पण आला कुठं, तर शेणव्याला. बिलावर पत्ता तोच होता ना! कोंडू कामावर, घरी संगीता एकटी. फ्रिज किधर है, त्यानं विचारलं. संगीता म्हणाली, या, आत या, शोधा. सापडला तर मला पण दाखवा, लग्न झाल्यापासून मी पण शोधतेय. तो बिचारा पाणी पिऊन गेला. माठातलं.

पुन्हा नंबर, पुन्हा गाणं. आता ते म्हणायला लागले की टोकावड्याचा पिनकोड आमच्या एरियात येत नाही. मग म्हणाले येतो, पण पत्ता बदलायचा अर्ज करा. कारखान्यातल्या ऑफिसातल्या एकाला धरून कोंडूनं तो अर्ज केला. मग वाट. कोंडू अधूनमधून वैष्णवीला फोन करायचा, कोणाला हात लावू दिला नाय ना, हे आधी विचारायचा, मग बाकीचं. ती म्हणायची, नाय मामा. दूध कुठं ठेवतेस, असं त्यानं एकदा विचारलं. ठेवते कुठंतरी, चाललंय, ती म्हणाली. आणि हा पुरुष तेवढ्यावर समाधान पावला. चाललंय म्हणजे काय चाललंय, कसं चाललंय, हे विचारायला जीभ झडली असती का? पण विचारलं नाही. त्याचं सगळं लक्ष त्या नंबराकडं.

आंबे उतरून गेले, पेरणीआधी शेतात राब भाजून झाले, तेव्हा कुठं कंपनीचा माणूस टोकावड्याला पोचला. त्यानं फ्रिजला हात लावून बघितलं, गॅस गळलाय म्हणाला. मग त्याची नजर पाटीवर गेली. फ्रिजच्या कुशीतून गॅसच्या नळ्या जातात, इथं स्क्रू मारलेत, म्हणजे नळीला धक्का लागला असणार. त्यानं पाटीचे फोटो काढले, जवळून, लांबून, आणि गेला. दोन दिवसांनी कोंडूच्या मोबाईलवर इंग्रजीतून मेसेज आला. ऑफिसातल्या माणसानं वाचून सांगितलं, काका, नाकारलंय. बाहेरून छेडछाड केली म्हणतात.

छेडछाड! कोंडूनं जन्मात कुणाची छेड काढली नव्हती.

तो तसाच उठून शहापूरच्या दुकानात गेला. मिताली होती, टी-शर्टचा रंग बदलला होता. तिला तो आठवला नाही. मालकाला आठवला, पण मालक म्हणाला, वॉरंटी आमची नाही हो मामा, ती कंपनी वेगळी, आम्ही नुसतं विकतो. कोंडू म्हणाला, पाटी तुमच्या माणसानं लावली, तुमच्या ड्रिलनं, या दारात. तुमी स्वतः सरळ करून दिलीत. मालक म्हणाला, तुम्ही सांगितलंत म्हणून लावली, मामा. गिऱ्हाइकाला नाही कसं म्हणायचं? आणि यात अन्याय झाल्यासारखं त्याच्या तोंडावर काही नव्हतं. त्यानं कोंडूला थंड पाण्याचा ग्लास दिला आणि नवीन फ्रिज घ्यायचा असेल तर बघून देतो म्हणाला. कोंडू पाणी प्यायला नाही. भांडलाही नाही. त्याला भांडता येत नव्हतं, त्याला फक्त बोलणं लागायचं, आणि एस.टी. स्टँडपर्यंत तो स्वतःशीच पुटपुटत गेला. नळीला स्क्रू लागला म्हणजे फ्रिज आपणच मारला, आपल्याच नावानं मारला, हे त्याच्या मनानं घेतलं होतं.

हे फोनवर सांगण्यासारखं नव्हतं. सुट्टीच्या दिवशी न कळवता तो निघाला. शेणव्याहून किन्हवली, तिथून सरळगाव, सरळगावला गाडी बदलून टोकावडे. पोचला तेव्हा दुपार कलली होती. ओटीवर कुणी नव्हतं. फ्रिज उभा होता, दार किंचित उघडं, आत कांदे आणि जुनी वर्तमानपत्रं. वैष्णवीला हाक मारली तर आतून ओ आली नाही. मागच्या अंगाला भांड्यांचा आवाज येत होता म्हणून तो वळसा घालून गेला, तर आवाज शेजारच्या अंगणातून. तिथं संदेशची चुलत भावजय भूमिका राहायची. तिच्या मोरीवर एक बाई पाठमोरी बसून भांडी घासत होती. कोंडूनं आधी ओळखलंच नाही. मग तिनं घाम पुसायला मान वळवली.

भूमिका दारात उभी होती. ती हसून म्हणाली, या मामा, बसा. घासून होतच आलीत. आमच्या फ्रिजमध्ये दूध ठेवते ना ती, मंग तेवढाच हातभार. मीच नको नको म्हणते. ती अगदी सहज म्हणाली, वाईट बाई नव्हती ती. पण सगळा उन्हाळा, रोज, दूध ठेवायला जाऊन त्या घरची खरकटी काढायची, हा तिथला हिशेब झाला होता, आणि साऱ्या आळीला तो माहीत होता. माहीत नव्हता तो एका मामाला. ज्या पोरीपुढं सणाला तो वाकायचा, ती पोर परक्या मोरीवर बसलेली त्यानं बघितली.

वेणूबाई गोठ्यातून आल्या. कोंडूला बघून त्यांनी पदर घेतला, बसा म्हटलं, पाणी दिलं, आणि मग रोजचंच वाक्य सवयीनं बोलल्यासारखं बोलल्या. "काय गो वैष्णवी, मामा आले. विचारून घे, फ्रिजला हात लावायला परवानगी आली का."

वैष्णवी हात पुसत होती. कोंडूनं खाली मान घालून सगळं सांगितलं. वॉरंटी गेली. पाटीमुळं गेली. आपली चूक. वेणूबाईंनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, म्हणजे ना वॉरंटी ना फ्रिज, आणि पोर सगळा उन्हाळा शेजारी राबली. असू दे, नशीब एकेकाचं. एवढं बोलून त्या म्हशींना पेंड ठेवायला गेल्या. शिव्या दिल्या असत्या तर कोंडूला बरं वाटलं असतं.

संदेश घरी आला, वॉरंटी गेल्याचं ऐकलं, आणि त्यानं कुंपणावरून नथूला हाक मारली. नथू लुंगीवरच आला, फ्रिज भिंतीपासून ओढला, मागं साबणाचा फेस लावत बसला. मागच्या बाजूला खाली, कारखान्यात जोड दिलेला असतो तिथं फेसाला बुडबुडे आले. जोड कच्चा होता, मुळातच. पाटी होती कुशीला, गळती होती मागं, एकमेकांशी काही संबंध नाही. नथू हे सहज बोलून गेला, त्याला त्यात विशेष काही वाटलं नाही, आणि जोडाला डाग द्यायच्या तयारीला लागला. कोंडू मात्र खांबाला टेकला. चूक त्याची नव्हतीच. आणि आता ते कुणाला सांगून काही उपयोगही नव्हता. दिवेलागणीच्या आधी गॅस भरून झाला आणि फ्रिजनं गार हवा टाकली. नथूनं जे घेतलं ते वॉरंटीच्या कागदाला गेलेल्याच्या निम्मंही नव्हतं. वेणूबाईंनी हात आत घालून बघितला. येवढंच होतं तर मंग, असं म्हणून त्या थांबल्या आणि सुनेकडं बघितलं. सुनेनं बघितलं मामाकडं.

शेवटची गाडी धरायला कोंडू उठला. वैष्णवी रस्त्यापर्यंत पोचवायला आली. ढाब्यांवरचे दिवे लागत होते, घाटाकडून ट्रक उतरत होते. मला कळवायचं नाय का गो, कोंडू म्हणाला. शेजारी भांडी घासतेस, एका शब्दानं बोलली असतीस तर.

"काय बोलू? तू विचारायचास, कोणाला हात लावू दिला नाय ना. मी सांगायची, नाय. तू फोन ठेवायचास."

कोंडू म्हणाला, तुझ्यासाठीच दिला होता ना तो. तुला कोणी काय बोलू नये म्हणून.

वैष्णवी थांबली. रागानं नाही बोलली, त्याचंच त्याला जास्त लागलं. "नाय मामा. तू मला नाय दिलास. त्यांना दिलास, त्यांच्या ओटीवर ठेवायला. मला दिला असतास तर मी पहिल्याच दिवशी नथूला बोलावलं असतं."

त्यानं खिशातून नोट काढली, दरवेळी काढायचा तशी, तिच्या मुठीत कोंबायला. तिनं मूठ उघडली नाही.

"मला काय पाहिजे, हे तू एकदा पण विचारलं नायस," ती म्हणाली. "लग्नाच्या आधी पण नाय."

इतकी वर्षं कमी बोलणारी पोर. सरळगावकडं जाणाऱ्या गाडीचे दिवे वळणावर दिसले. तो घाईनं, अडखळत बोलला, मंग आता सांग ना गो. काय पाहिजे तुला?

वैष्णवीनं गाडीला हात केला.

"एस.टी. आली, मामा," ती म्हणाली. "चढ."